ऑर्कची किंमत

गेल्या रविवारी आमच्या टेबलावर ऐकलेलं एक वाक्य आठवडाभर माझ्या डोक्यात ठुसठुसतंय. एक ज्येष्ठ खेळाडू पाहुणे म्हणून आले होते. ऐंशीच्या दशकात ते शिकायला अमेरिकेत होते, तेव्हापासून ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळलेले. आमच्या चौघांनी गुहेत पाऊल ठेवताक्षणी तलवारी उपसल्या, तसे ते म्हणाले, “आजकालच्या मुलांना मारामारीशिवाय काही सुचतच नाही. आम्ही बोलायचो, घासाघीस करायचो, वेळ पडली तर पळून जायचो.”

काका, हे चूक आहे. तेव्हा डाव चालू होता, मी डीएम होते, म्हणून बोलले नाही. आज लिहून सांगते.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. त्यातला एक डीएम, म्हणजे डंजन मास्टर. गुहा, गावं, राक्षस, पाऊस, सगळं त्याच्या तोंडून उभं राहतं. बाकीचे एकेक पात्र घेतात, कुणी लढवय्या, कुणी चोर, कुणी जादूगार, आणि आपण काय करतो ते सांगतात. निकाल अनिश्चित असेल तिथे फासा पडतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावातून तीन पातळ पुस्तिकांच्या पेटीत बाहेर पडला. तेव्हापासून नियम पुन्हा पुन्हा नव्यानं लिहिले गेले. पेटीवरचं नाव तेच राहिलं, म्हणून लोकांना वाटतं की आतला खेळही तोच आहे.

आता हिशेब मांडते. टॉम मोल्डवेनं संपादित केलेलं १९८१ चं ‘बेसिक’ पुस्तक घ्या. लढवय्याला पहिल्या लेव्हलवरून दुसरीवर जायला २००० एक्सपी, म्हणजे अनुभवाचे गुण, लागतात. एक ऑर्क, म्हणजे खेळातला एक साधा राक्षस, मारला की १० मिळतात. एकट्यानं फक्त मारामारी करून वर जायचं तर २०० ऑर्क लोळवायला हवेत. ऑर्कचा एक वार १ ते ६ हिट पॉइंट, म्हणजे जिवाचे गुण, खातो. नव्या लढवय्याकडे हिट पॉइंट असतात ते एका आठ बाजूंच्या फाशावर पडतील तेवढे, आणि ते शून्य झाले की तो मेला. आता त्याच पुस्तकातली दुसरी ओळ बघा. सोन्याचं एक नाणं गुहेबाहेर सुखरूप आणलं तर १ एक्सपी. म्हणजे ऑर्कशी जिवावर उदार होऊन लढलात तर १०, आणि तो झोपलेला असताना त्याची २०० मोहरांची थैली उचललीत तर २००.

मग २०१४ ची पाचवी आवृत्ती उघडा. दुसऱ्या लेव्हलला ३०० एक्सपी लागतात. एका ऑर्कला १०० मिळतात. सोन्याला काहीच नाही. तीन ऑर्क पाडले की लेव्हल चढली.

दोनशे आणि तीन. काका, तुमच्या पिढीच्या आणि या मुलांच्या स्वभावात जो फरक तुम्हाला दिसतो, तो या दोन आकड्यांमधला फरक आहे. तुम्ही घासाघीस करत होता, कारण तुमचं पुस्तक घासाघिशीला मोल देत होतं. मेंढीकोटात दश्शीला किंमत आहे म्हणून आपण दश्शी जपतो. उद्यापासून तिऱ्या मोजायच्या ठरल्या तर तेच खेळाडू, त्याच चटईवर, तिऱ्यांसाठी हुकूम फोडतील.

आणि फक्त एक्सपीचा प्रश्न नव्हता. १९८१ च्या पुस्तकात राक्षस समोर आला की डीएमनं आधी दोन फासे टाकायचे. बेरीज २ आली तरच तो तडक अंगावर येतो. छत्तीसात एकदा. ३ ते ५ म्हणजे वैरभाव, हल्ला होऊ शकतो. ६ ते ८ म्हणजे तोही बुचकळ्यात. ९ ते ११ आली तर तो निघून जातो किंवा तुमचं म्हणणं ऐकतो. १२ आली तर चक्क मैत्री. शिवाय लढाई सुरू झाल्यावर राक्षसांच्या धीराचा फासा वेगळा, त्यांच्यातला पहिला मेला किंवा निम्मे पडले की बाकीचे पळू शकतात. म्हणजे समोरच्या ऑर्कलाही जिवाची पर्वा आहे, हे नियमातच लिहिलेलं होतं. केवळ डीएमच्या चांगुलपणावर ते सोडलेलं नव्हतं.

पाचव्या आवृत्तीत भेटीचा असा फासा २०१४ च्या मूळ पुस्तकांनी हातात दिला नाही. डीएमला वाटलं तर ऑर्क बोलेल. पण माझ्यासमोर पानभर आकडे असतात: त्याचं चिलखत, त्याचा वार, त्याचे हिट पॉइंट. त्याला काय हवंय हे त्या पानावर नसतं. रात्री साडेनऊला, थकलेल्या डोक्यानं, मी पानावर जे आहे तेच खेळवते. ही कबुली प्रत्येक डीएमनं द्यावी असं मला मनापासून वाटतं.

हे मी ऐकीव सांगत नाही. गेल्या पावसाळ्यात आम्ही करून पाहिलं. हेच चौघं: एक बँकेत नोकरी करणारी, एक शाळामास्तर, इंजिनियरिंगची दोन पोरं. पुस्तक १९८१ चं, आणि त्याच पेटीत मिळायची ती गायगॅक्सची ‘द कीप ऑन द बॉर्डरलँड्स’ ही मोहीम. पहिल्या संध्याकाळी त्यांनी सवयीनं तलवारी उपसल्या. पाऊण तासात दोन पात्रं मेली. इंजिनियरिंगवाल्यांपैकी धाकटा खरोखर चिडला. “ताई, हा काय अन्याय आहे? एका वारात?”

दुसऱ्या रविवारी तोच पोरगा वही घेऊन आला. कुठल्या राक्षसाचे किती एक्सपी, गोबलिनचे ५, ऑर्कचे १०, हे त्यानं मला विचारून लिहून घेतलं, आणि वही मिटून म्हणाला, “म्हणजे मारण्यात काही अर्थच नाही.” मी त्याला काहीही शिकवलं नव्हतं.

त्यानंतरचे रविवार मी विसरणार नाही. गुहेच्या तोंडाशी अर्धा-अर्धा तास खल व्हायचा. दहा फुटी काठी विकत घेतली. तेलाच्या बाटल्या घेतल्या, माल वाहायला खेचर घेतलं. त्या मोहिमेत गोबलिनांच्या शेजारी एक ओगर राहतो. धाडधिप्पाड, लढायला गेलात तर दोन-तीन जण सहज घेऊन मरणार. गोबलिन अडचणीत आले की त्याच्याकडे मोहरांची थैली फेकतात आणि तो त्यांच्या बाजूनं लढायला येतो. १९८१ च्या हिशेबानं ओगर मारल्याचे १२५ एक्सपी. बँकेतल्या बाईंनी शांतपणे विचारलं, “गोबलिन त्याला देतात किती? आपण जास्त देऊ.” दिले. ओगर बाजूला झाला, आणि गोबलिनांचा सगळा ठेवा यांच्या खेचरावर लादला गेला. पाचव्या आवृत्तीत हीच बाई सहा वर्षं पहिल्या फेरीत कुऱ्हाड चालवत आली आहे. बाई तीच आहे, काका.

वजनाचीही गंमत सांगते. जुन्या पुस्तकात दहा नाण्यांचं वजन एक पौंड, मग ती सोन्याची असोत की तांब्याची. तांब्याची शंभर नाणी म्हणजे सोन्याचं एक. एका खोलीत यांना २००० तांब्याच्या नाण्यांची पेटी सापडली. वजन २०० पौंड, म्हणजे नव्वद किलो. मोल फक्त २० मोहरा. ती उचलायची की सोडायची यावर टेबलावर जो वाद पेटला, तसा वाद मी कुठल्याही ड्रॅगनवरून झालेला पाहिलेला नाही. कारण उचलली तर चाल मंदावणार, चाल मंदावली तर मशाल जळणार. मशाल सहा टर्न टिकते. टर्न म्हणजे खेळातली दहा मिनिटं. दर दोन टर्नांनी मी सहा बाजूंचा फासा टाकते, १ पडला की कुठलातरी भटका राक्षस येतो, आणि त्याच्याजवळ लुटण्यासारखं बहुधा काही नसतं. म्हणजे त्याच्याशी लढणं हा निव्वळ तोटा. एक मशाल, तीन फासे. प्रत्येक रेंगाळण्याला किंमत. भिंत ठोकून बघायची? दहा मिनिटं. मेलेल्या ऑर्कचे खिसे तपासायचे? वेळ. असल्या कंटाळवाण्या नोंदींमुळे त्या पोरांचे चेहरे मशालीच्या उजेडात असल्यासारखे दिसायला लागले होते. १९७९ च्या डीएमसाठीच्या ग्रंथात गायगॅक्सनं वेळेच्या नोंदीवर मोठ्या अक्षरांत एवढा जोर का दिला, ते मला तेव्हा कळलं.

पाचव्या आवृत्तीत उजेडाचा मंत्र कितीही वेळा म्हणता येतो, आणि निम्म्याहून जास्त वंशांना अंधारात दिसतंच. त्यामुळे मशाल ही वस्तू यादीत आहे, खेळात नाही. आणि मशाल गेली की घड्याळ गेलं, घड्याळ गेलं की तांब्याच्या पेटीवरचा वाद गेला.

मग हे बदललं कधी? लोक २००० सालाकडे बोट दाखवतात, तिसऱ्या आवृत्तीकडे. माझं बोट १९८९ कडे आहे. त्या वर्षीच्या दुसऱ्या आवृत्तीनं सोन्याबद्दल एक्सपी देणं ऐच्छिक करून टाकलं. डीएमला हवं तर द्या. बाकी सांगाडा बराचसा जुनाच होता, म्हणून हा बदल डोळ्यांत भरला नाही. हेतू चांगला होता, लोभापेक्षा शौर्याची गोष्ट सांगायची होती, मोहीम पार पाडल्याचे गुणही त्यांनी सुचवले होते. पण ते किती द्यायचे हा डीएमचा अंदाज, आणि राक्षसांचं कोष्टक मात्र पक्कं छापलेलं. अंदाज आणि कोष्टक यांत टेबल कोष्टकच उचलतं. वीरगाथा लिहायला निघालेल्या आवृत्तीनं खाटीकखान्याचा दर तेवढा ठळक ठेवला.

चोराबद्दलही मला बरंच म्हणायचंय. १९७४ च्या पेटीत चोर हे पात्र नव्हतंच. १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ पुरवणीत तो आला, सापळे काढणं, सावलीत लपणं, चोरपावलांनी चालणं यांचे टक्के घेऊन. त्याआधी कोण लपायचं? सगळेच. कुणीही म्हणायचं, मी पडद्यामागे उभा राहतो, डीएम म्हणायचा, ठीक. चोराच्या नावावर ‘लपणे’ लिहिलं गेलं त्या दिवशी बाकीच्यांच्या हातून ते गेलं. आणि चोराला तरी काय मिळालं? १९८१ च्या पुस्तकात पहिल्या लेव्हलच्या चोराची सावलीत लपण्याची शक्यता १० टक्के. लढवय्या म्हणतो, “ते चोराचं काम,” आणि चोर दहातून नऊ वेळा पकडला जातो. एकाला हक्क लिहून देताना चौघांचा काढून घेणारा हा नियम जुन्या आवृत्त्यांतला आहे, आणि जुन्याचे भक्त त्याबद्दल बोलत नाहीत. बोलायला हवं.

तिसऱ्या आवृत्तीनं तोच रस्ता डांबरी केला. जोनाथन ट्वीट, माँटी कुक आणि स्किप विल्यम्स यांनी सगळा खेळ वीस बाजूंच्या एका फाशाभोवती सुसूत्र बांधला, आणि ते काम देखणं आहे, यात वाद नाही. पण कौशल्यांची यादी आली, प्रत्येक सापळ्याला आकडा आला. पूर्वी पोरं म्हणायची, “फरशीवर पाणी ओतते, कुठे झिरपतंय बघते.” आता म्हणतात, “सर्च टाकते, तेवीस.” तेवीस पुरेसे असतात. पाणी कुणी ओतत नाही. मी टेबलावर दोन्ही ऐकलंय आणि मला पाण्याची आठवण येते.

चौथी आवृत्ती, २००८. तिच्यावर जितकी टीका झाली तितकी तिची लायकी नव्हती. अंतरं चौकटींत मोजली, प्रत्येक पात्राची भूमिका नेमून दिली, कुठली शक्ती कधी वापरायची ते स्पष्ट लिहिलं. हा पटावरच्या लढाईचा खेळ आहे हे तिनं उघड सांगितलं आणि ती लढाई उत्तम करून दिली. तिच्यात राग यावा असं मला काही सापडत नाही.

माझा राग पाचवीवर आहे, कारण मी तीच दर रविवारी खेळते आणि तिच्यावर माझं प्रेम आहे. ती गोष्टीचं वचन देते, पात्राचा भूतकाळ विचारते, आदर्श विचारते, कमजोरी विचारते. आणि मरणाचा नियम असा लिहिते की मरणाची भीतीच उरू नये. हिट पॉइंट शून्य झाले तर पात्र बेशुद्ध. मग दर फेरीला फासा, १० किंवा वर आला तर एक यश, तीन यश म्हणजे वाचला, तीन अपयश म्हणजे गेला. ठीक. पण शून्याच्या खाली गेलेला घाव, तो अगदीच प्रचंड नसेल तर, मोजलाच जात नाही. आणि साठ फुटांवरून एक शब्द उच्चारून चार-सहा हिट पॉइंट देणारा मंत्र पहिल्या लेव्हलपासून हाताशी आहे. याचा अर्थ आमच्या शाळामास्तरांनी दुसऱ्याच महिन्यात काढला. मित्र जखमी असताना त्याला बरं करणं हा मंत्राचा अपव्यय आहे. तो पडू दे. पडला की उठव. म्हणजे शून्याखालचा सगळा घाव फुकट.

हे गणित बरोबर आहे, आणि त्यातून जे दृश्य उभं राहतं ते बघवत नाही. समोर सोबती रक्तबंबाळ होतोय आणि वैदू हात बांधून तो कोसळण्याची वाट बघतोय. लढाई संपेपर्यंत तो तीनदा पडतो, तीनदा उठतो. ज्या पात्राच्या कमजोरीबद्दल आपण पानभर लिहिलं, त्याचं मरण एक उठाबशी होऊन जातं. मास्तर स्वभावानं हळवे आहेत, घरी मांजर आजारी पडलं तर रविवार बुडवतात. नियमानं त्यांना निष्ठुर केलं. २०२४ च्या सुधारणेत बरं करणाऱ्या मंत्रांचे फासे वाढवले, म्हणजे जखम होताना उपचार करणं थोडं तरी परवडावं. पडल्यावरचा नियम मुळात तसाच आहे.

झोपेचंही तेच. १९८१ मध्ये पूर्ण दिवसाच्या विश्रांतीनं १ ते ३ हिट पॉइंट भरायचे. पाचवीत आठ तास झोपलं की सगळे. २०१४ च्या डीएमच्या पुस्तकाचा हिशेब असा की दोन झोपांमध्ये पार्टीला, म्हणजे पात्रांच्या टोळीला, मध्यम किंवा कठीण अशा सहा ते आठ लढती पेलाव्यात. आमच्या टेबलावर एका रविवारी दोन लढती झाल्या तरी पुष्कळ. मग जादूगार आठ लढतींची शिदोरी दोनांत उधळतो आणि लढवय्या बाजूला उभा राहून विचारतो, माझं काय चुकलं? त्याचं काही चुकलेलं नाही. पुस्तकानं जो दिवस गृहीत धरला तो आपण कधी खेळलोच नाही.

“मग एक्सपी सोडून द्या, गोष्टीच्या टप्प्यांवर लेव्हल द्या,” असं पुष्कळ जण सुचवतात. पुस्तकातही तो पर्याय आहे. आम्ही वर्षभर केलं. मारामारी खरंच कमी झाली. पण पोरं नकाशाऐवजी माझ्या तोंडाकडे बघायला लागली. “ताई, आम्ही बरोबर जातोय ना?” टप्पा माझ्या डोक्यात, म्हणून खजिनाही माझ्या डोक्यात. मला ते नको होतं. मला ती खेचराची पार्टी हवी होती, जिनं ओगरला पैसे देऊन माझी आखलेली संध्याकाळ उलटी केली.

जुन्या आवृत्त्या आज हाताशी आहेत हे आपलं भाग्य आहे, आणि ते आपोआप घडलेलं नाही. २००० साली तिसरी आवृत्ती काढताना विझार्ड्स ऑफ द कोस्ट कंपनीनं नियमांचा गाभा खुल्या परवान्याखाली दिला. त्याच आधारावर २००६ मध्ये ‘ऑस्रिक’ आलं, पहिल्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ आवृत्तीचे नियम नव्यानं लिहिलेलं. मग ‘लॅबिरिंथ लॉर्ड’, ‘स्वोर्ड्स अँड विझर्ड्री’, पुढे ‘ओल्ड-स्कूल इसेन्शियल्स’. चौथी न पटलेल्यांसाठी २००९ मध्ये ‘पाथफाइंडर’ आलं. २०२३ च्या जानेवारीत कंपनीनं तो परवाना मोडीत काढायचा घाट घातला, तेव्हा खेळाडू आणि छोटे प्रकाशक असे खवळले की महिना संपायच्या आत पाचवीचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्सखाली मोकळे करावे लागले. खेळाडूंनी ती लढाई नियमांसाठी केली, आणि योग्य केली. आता त्या मोकळ्या पुस्तकांची पानं उलटून आपापल्या टेबलाला कुठली मोलं लावायची ते ठरवायला कुणाची परवानगी लागत नाही.

आम्ही ठरवलंय. पाचवीच ठेवणार, पात्रं पोरांना प्रिय आहेत. पण सोन्याला पुन्हा एक्सपी, आणि राक्षसाचे एक्सपी दहाव्या हिश्शावर. भेटीचा फासा १९८१ चा. उजेडाचा मंत्र दिवसातून मोजक्या वेळा. शून्यावर पडलेला उठला तरी त्या दिवसापुरता अधू राहील, पडेल तितका जास्त. मास्तरांनी हात वर केला तो सगळ्यात आधी.

काका, येत्या रविवारी पाच वाजता या. ऑर्क तेच आहेत, गुहा तीच आहे, आणि पोरं तर तीच आहेत ज्यांना तुम्ही नावं ठेवलीत. मशालींची वही तुमच्याकडे देणार आहे. दर सहा टर्नांनी एक खूण करायची, आणि कुणी कितीही गयावया केली तरी पुसायची नाही.